शिव्यांचा धनी मासांबा जोप

माझी बायको नव्या सुनेला सांगत होती, "तुझे सासरे लढाऊ जहाजावर होते." होतो, खोटं कशाला बोलू? तोफेच्या अगदी शेजारी होतो. मधे फक्त एक दार होतं, दारामागे चूल होती आणि चुलीवर माझा भात करपत होता. सेनेगलच्या किनाऱ्याचं रक्षण मी जन्मभर पळीने केलं. माझ्या हातचं खाऊन जितके जवान आडवे झाले, तेवढ्यांसाठी शत्रूनेच मला पदक द्यायला हवं होतं.

पण सांगायचंय ते मासांबा जोपबद्दल. आमच्या कायार गावात त्याचं घर माझ्या घराला लागून. मी बिराम न्जाय. न्जाय आणि जोप समोरासमोर आले की त्यांनी एकमेकांची लाज काढायची, हा आमच्याकडचा जुना रिवाज. न्जायांनी म्हणायचं, जोप आमचे गुलाम. जोपांनी म्हणायचं, न्जाय म्हणजे तांदूळचोर. राग यायला बंदी. बाकीचे लोक हे लग्नाकार्यात, बाजारात करतात. आम्ही दोघं रोज करायचो, दात घासल्यासारखं.

मासांबा मच्छीमार. होडीला दरवर्षी नवा रंग द्यायचा आणि बायकोला, किनेला, नवं कापड घ्यायचं दरवर्षी विसरायचा. घरात त्याला झोप लागत नसे, म्हणून वाळूवर ओढलेल्या होडीत जाऊन घोरायचा. जेवायच्या वेळेला मात्र अचूक माझ्या दारात. भांड्याच्या बुडाची खरवड मागायचा आणि ती चघळत विचारायचा, "बिराम, हे तू मुद्दाम केलंस, की देवाने शिक्षा दिली?"

मग परदेशी जहाजांनी आमचा समुद्र झाडून नेला. जाळी ओढून हात दुखायचे आणि जाळ्यात निघायचं शेवाळ. गावातली पोरं मासेमारीच्या होड्यांत दाटीवाटीने बसून कॅनरी बेटांच्या दिशेने निघाली, युरोपात जायला. काही पोचली. काही लाटांबरोबर आमच्याच किनाऱ्याला परत आली, आणि त्यांना ओळखायला त्यांच्या आयांना बोलवावं लागलं.

तेव्हा आम्हाला नवी गस्तीची बोट मिळाली. राखाडी, वेगवान, पुढे तोफ. आमचे साहेब भले माणूस. त्यांनी आम्हाला रांगेत उभं करून सांगितलं, "एकही होडी पुढे जाऊ दिली नाही, तर एकही माणूस बुडणार नाही." हिशोब इतका सरळ होता की माझ्या डोक्यातसुद्धा शिरला. घरी येऊन मी तो स्वतःचाच असल्यासारखा मासांबाला ऐकवला.

तो चहाची किटली उंच धरून ग्लासात धार सोडत होता. "म्हणजे तू दार अडवणार?"

"अडवणारच. तोफ आहे आमच्याकडे."

"बरं. मग मी कुंपणावरून जाईन. आणि पडून मेलो तर तू लोकांना सांगशील की दारात कुणी मेलं नाही."

"जोपांना कुंपण चढता येत नाही. गुलामांना कोण शिकवणार?"

"शिकलो असतो रे, पण तुम्ही न्जायांनी शिडीसुद्धा चोरलीत."

हसलो दोघं. जिंकलो मीच, असं मला वाटलं.

पुढच्याच महिन्यात भर दुपारी आम्हाला एक होडी दिसली. माणसं इतकी, की लाकूड दिसत नव्हतं. साहेबांनी बोट वळवली, भोंग्यावरून थांबायचा हुकूम दिला. झालं उलटंच. तोफ पाहिल्याबरोबर होडीतली माणसं घाबरून उठून उभी राहिली, आणि सगळी एका बाजूला सरकली. होडी कलली. आम्ही जितके जवळ जाऊ तितकी जास्त कलायची. साहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यांना थांबताही येईना आणि पुढेही जाता येईना.

मी आरडाओरडा ऐकून पळी घेऊनच बाहेर आलो. पाहतो तर सुकाणूवर मासांबा.

लोकांना वाटतं, तेव्हा मला युक्ती सुचली. कसली युक्ती? माझं डोकं फिरलं होतं. ज्या माणसाने सकाळ-संध्याकाळ माझा भात खाल्ला, तो मला न सांगता निघाला होता आणि आता माझ्या डोळ्यांदेखत बुडणार होता. मी साहेबांच्या हातातला भोंगा हिसकावला आणि ओरडलो, "अरे ए गुलामा! मालकाला न विचारता कुठे निघालास? आणि ही कुठली शेळ्यामेंढ्यांची जत्रा भरवलीस? बसव त्यांना खाली, नाहीतर तुमच्या खानदानाने आजवर खाल्लेला सगळा भात मी आज वसूल करतो!"

मग त्या होडीतून एक हसू फुटलं, मग दुसरं. मासांबा उठून ओरडला, "तांदूळचोरा, तुला तोफ कुणी दिली? तू तीसुद्धा करपवशील!" आता सगळी होडी हसायला लागली. हसताना माणसाच्या गुडघ्यांतलं बळ जातं. एकेक जण मटकन खाली बसला. होडी सरळ झाली. आम्ही दोर टाकला आणि सगळ्यांना ओढून किनाऱ्याला आणलं.

त्यानंतर मी काही दिवस गावात मान इतकी ताठ ठेवून फिरलो की दोनदा ठेचकाळलो. साहेबांना वाटलं, नवं शस्त्र सापडलं. प्रत्येक गस्तीवर भोंगा माझ्या हातात. दुसरी होडी भेटली ती दक्षिणेकडच्या लोकांची. त्यांचा-माझा असला कुठलाही रिवाज नव्हता; त्यांच्यासाठी ती साधी शिवीगाळ होती. एक चप्पल थेट माझ्या कपाळावर बसली. मी मुकाट्याने चुलीकडे गेलो.

आणि होड्या दिसेनाशा झाल्या. वरचे अधिकारी खूश. किनाऱ्याला प्रेतं लागत नव्हती, म्हणजे माणसं मरत नव्हती, असं त्यांनी ठरवलं. मीही ठरवलं. खरी गोष्ट बंदरावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत होती. आम्हाला चुकवायला होड्या आता पश्चिमेला, खोल समुद्रात जात होत्या. तिथून प्रेत किनाऱ्यापर्यंत येत नाही.

मासांबाला मी सरळ विचारलं, "परत जाणार आहेस का?"

"समुद्रात मासा नाही, बिराम. आणि ही पोरं माझ्यावाचूनही जाणारच. परवा एकाने सुकाणू धरलं, तो शिंपी होता. शिंपी."

"मी तुला पुन्हा पकडेन."

"तुझ्या बोटीचं तेल तिथपर्यंत पुरत नाही," तो म्हणाला आणि खरवड मागितली. मी भांडं त्याच्यापुढे सरकवलं. पाय धरून त्याला अडवायला हवं होतं, ते सोडून मी म्हटलं, "जोपांची भूक मात्र कुठेही पोचेल."

तो गेला. फोन आला नाही. कॅनरी बेटांवरून त्या होडीतल्या कुणाचाच फोन आला नाही. पावसाळा आला, गेला. शेवटी इमामसाहेब आणि म्हातारी मंडळी किनेच्या अंगणात जमली. प्रेत नव्हतं, पण दुवा मागून मोकळं व्हावं, असं त्यांचं म्हणणं. एकेक जण मासांबाबद्दल बोलला. किती दिलदार, किती धीराचा. सगळं खरं होतं. किने दारात उभी राहून ऐकत होती.

माझी पाळी आली. मी वाटेत शब्द जुळवून आणले होते. त्याच्यासारखा सुकाणू धरणारा कायारमध्ये झाला नाही, असं म्हणणार होतो. तोंड उघडलं, तोच किने म्हणाली, "भाऊजी, आजवर तुम्ही यांच्याबद्दल एक चांगला शब्द काढला नाहीत. आज काढलात, तर मी सुतकाचे कपडे घालीन."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. जुळवून आणलेले शब्द मी गिळून टाकले.

"जोप तो," मी म्हटलं. "कर्जबाजारी, घोरणारा, आळशी. आयुष्यात एक काम त्याने वेळेवर केलं नाही. मरायला तो वेळेवर जाईल?"

कुणी हसलं नाही. इमामसाहेबांनी मान खाली घातली.

"अजून बोला," किने म्हणाली.