वर आडोसा नसतो

८ फेब्रुवारी, श्रूजबरी.

वर्षभर इथे काहीच लिहिलं नाही. ज्यांनी मेसेज करून विचारलं आणि ज्यांना मी उत्तर दिलं नाही, त्या सगळ्यांची माफी मागते.

मिलिंद वादळात अडकला नव्हता. तो वादळात चालत गेला.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आज दुपारी वैशालीला, त्याच्या बायकोला, सांगितलं. तिची परवानगी घेऊनच लिहितेय.

सोबतचा फोटो त्याच दिवशीचा. न्यू हॅम्पशायरमधला डोंगर, झाडं संपतात ती जागा. मागे पिवळी पाटी आहे. हवा बिघडली असेल तर इथूनच परत फिरा, असं तिच्यावर लिहिलंय.

आम्ही तिच्यासमोर हसत सेल्फी काढला.

माझ्या मफलरचं टोक बघा. आडवं आहे. म्हणजे वारा तिथेच होता. मला ते दिसलं नंतर, घरी, फोटो कितीतरी वेळा बघितल्यावर.

मिलिंद माझा पुण्याच्या कॉलेजपासूनचा ट्रेकमधला जोडीदार. पंचवीस वर्षं, आधी सह्याद्रीत, मग इथे अमेरिकेत, तो पुढे, मी मागे.

सकाळी गाडीत मी फोरकास्ट वाचून दाखवला होता. माथ्यावर सोसाट्याचा वारा, दुपारनंतर ब्लिझर्ड, म्हणजे बर्फाचं वादळ.

"तू म्हणजे चालतंबोलतं हवामान खातं आहेस. हवामान खात्याचं कधी खरं झालंय का?"

"इथलं होतं रे."

"वाराच तर आहे यार. दुपारच्या आत खाली येऊ."

मी हसले. गाडी मी चालवत होते. पुढच्या एक्झिटला वळवता आली असती.

पाटीपासून पन्नासेक पावलांवर वाऱ्याने मला गुडघ्यांवर आणलं. श्वास आत घेता येईना. गॉगल नीट करायला एक ग्लोव्ह काढला, तर मिनिटभरात त्या हाताची बोटं मिटेनात.

मी त्याची सॅक ओढली. कानाशी ओरडले, "मिलिंद, मागे फिर!"

"अगं, वर चल! माथ्यावर काहीतरी आडोसा असतोच!"

सह्याद्रीत फिरलेल्यांना हे वाक्य कळेल. पावसात, वाऱ्यात सापडलो की आम्ही वरच पळायचो. गडावर देऊळ असतं, गुहा असते, निदान दरवाजाची कमान तरी. उघडा उतार खाली, छप्पर वर. आमच्या पायांना तेच माहीत.

इथे उलटं आहे. आडोसा खाली, झाडांत. वर फक्त खडक आणि बर्फ.

खरं सांगते, मलाही त्याचं पटलं होतं. मी आणखी दहा पावलं वर चढले. दुसऱ्यांदा पडले, म्हणून फिरले. लोक म्हणतात, तू शहाणपणा केलास. मी फक्त पडले होते.

"मी झाडांत थांबते!"

"थांब. बघून आलोच!"

आलोच.

झाडांत पोचून मागे वळून पाहिलं, तर डोंगरच नव्हता. नुसतं पांढरं, आणि ते आडवं धावत होतं. शिट्टी वाजवली, ती माझी मलाच ऐकू येईना. 911 लावताना फोन दोनदा बर्फात पडला.

वाऱ्यामुळे रेस्क्यू टीमला दोन दिवस वर जाता आलं नाही. तिसऱ्या दिवशी तो सापडला. एका खडकामागे, गुडघे पोटाशी घेऊन.

आडोसा शोधून बसला होता.

सगळे म्हणाले, वादळ अचानक आलं. मी मान डोलावली. त्याला कुणी वेडा म्हणू नये म्हणून? की "तू त्याला एकट्याला कसं जाऊ दिलंस?" असं मला कुणी विचारू नये म्हणून? अजून ठरवता आलेलं नाही.

आणि काल सईचा फोन आला. सई ही मिलिंदची मुलगी, वूस्टरला कॉलेजात आहे. परवा, शनिवारी, ती आणि तिच्या दोन मैत्रिणी त्याच डोंगरावर चालल्यात. बाबाची टोपी वर ठेवायला.

"सई, शनिवारचा वारा बघितलास?"

"येस मावशी. इट्स जस्ट विंड. वी हॅव गुड गिअर."

"आणि अडकलात तर?"

"डोन्ट वरी. बाबा म्हणायचा ना, माथ्यावर काहीतरी आडोसा असतोच."

हे एवढं वाक्य तिने मराठीत म्हटलं. त्याच्याच सुरात.

"बरं" म्हणून फोन ठेवला. म्हणजे मी पुन्हा गप्प बसले.

तेव्हापासून तासातासाला शनिवारचा फोरकास्ट बघतेय. वाऱ्याचा आकडा वाढतच चाललाय. हाताची तीच बोटं गार पडतात.

वैशाली म्हणाली, "माझं ती ऐकायची नाही. तू तिथे होतीस. तू सांग."

मिलिंद, आज वर्ष झालं. तुला नमस्कार करायला मी त्या पाटीच्या वर येणार नाही, खालूनच करते. आणि या एका बाबतीत तुझं चुकलं होतं, हे तुझ्या लेकीला सांगणार आहे. रागावू नकोस.

सईला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही.

उद्याचं काम: सकाळीच वूस्टरला जाऊन ही पोस्ट तिला वाचून दाखवणे.