उमेदवाराचा स्वतःचा मोबाइल नंबर

इंदूरला नोकरी लागली तेव्हा मी राजेंद्र नगरमध्ये एका बंगल्याची मागची खोली भाड्यानं घेतली. मालकीणबाई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या होत्या. त्यांना मी काकू म्हणायचो. कॉलनीतल्या मराठी मंडळाचं वधू-वर सूचक केंद्र त्या चालवायच्या, दर रविवारी सकाळी, मंडळाच्या हॉलमागच्या खोलीत. मुला-मुलींची माहिती जाड कार्डांवर आणि कार्डं चपलांच्या खोक्यांत. मुलांचे खोके वेगळ्या कपाटात होते, मुलींचे वेगळ्या. हा नियम कोणी केला ते काकूंनाही ठाऊक नव्हतं.

मी मूळचा जळगावचा, एकटा. लग्नाचा विषय निघाला की आईला ‘रेंज जातेय’ असं सांगून फोन ठेवायचो.

एकदा काकूंनी विचारलं, “तू ऑफिसात करतोस काय, एग्झॅक्टली?”

मी म्हटलं, “फॉर्म बनवतो.” एका कंपनीच्या गोदामातल्या मालासाठी आम्ही वेब ॲप्लिकेशन करत होतो. नवीन वस्तू नोंदवा, वस्तूत बदल करा, वस्तू काढून टाका. त्याआधीच्या नोकरीतही मी हेच करत होतो, तिथे वस्तूंच्या जागी ट्रक होते.

“मग माणसांचं करून दे,” काकू म्हणाल्या. “फरक काय पडतो?”

मलाही फारसा फरक दिसला नाही. महिन्याभरात मी ते केलं आणि खोक्यांतली कार्डंही त्यात चढवली.

नवीन नोंदीचा फॉर्म सोपा होता. नाव, शिक्षण, नोकरी, उंची, वजन, रास, नाडी, स्वभाव, अपेक्षा. ‘वर्ण’ या रकान्यात मी गोरा, गव्हाळ, सावळा असे पर्याय ठेवले. ‘सावळा’ आजपर्यंत कोणी निवडलेला नाही. बदलाच्या फॉर्ममध्ये आमचं थोडं वाजलं. एकदा भरलेली जन्मतारीख पुन्हा बदलता येऊ नये अशी सोय मी केली होती. काकूंनी ती काढायला लावली.

“काकू, जन्मतारीख कशी बदलेल?”

“बदलते,” काकू म्हणाल्या.

काढून टाकायचा फॉर्म तर त्यांना नकोच होता. लग्न झालं की त्या कार्डाच्या कोपऱ्यात कुंकवाचं बोट लावायच्या आणि कार्ड तिसऱ्या कपाटात ठेवायच्या. आजवर एकही कार्ड फाडलेलं नाही, असं त्यांनी मला शाळेच्या निकालासारखं सांगितलं. तरी मी ते बटण ठेवलं, कारण त्याच्याशिवाय काम अर्धवट वाटतं. ‘काढून टाका’ दाबलं की ‘आपली खात्री आहे का?’ असं विचारलं जायचं आणि खाली कारण निवडावं लागायचं. लग्न ठरले, स्थलांतर, इतर. मंडळानं केंद्राचा फोनही माझ्याकडे दिला, कारण लोक आता ‘साइट उघडत नाही’ असे फोन करणार होते.

पहिला गंभीर फोन एका बाईंचा आला. आवाज शांत होता.

“तुमच्या साइटवर माझी नोंद आहे. ती डिलीट करून द्या.”

मी कारण विचारलं.

“कारण कम्पल्सरी आहे का?”

“आहे.”

“तर मग लिहा, मी भरलेली नाही.”

तो पर्याय यादीत नव्हता. मी ‘इतर’ निवडलं, खात्री असल्याचं सांगितलं आणि नोंद गेली.

पुढच्या रविवारी एक गृहस्थ आले. परदेशीपुऱ्यात त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. पंपाच्या, पिठाच्या चक्कीच्या जळालेल्या मोटारींना ते तांब्याची नवी तार भरून द्यायचे. बोटांना वार्निश लागलेलं, शर्ट मात्र कडक इस्त्रीचा. दोन पिढ्यांपासून इंदूरचे, त्यामुळे त्यांचं मराठी समजायला मला सुरुवातीला थोडं थांबावं लागलं; ‘भैया’चं त्यांच्याकडे ‘भिया’ व्हायचं.

“भिया, माझ्या लडकीचं नाव साइटवरून गायब झालंय.”

“डिलीट झालं, काका.”

“कोणी केलं?”

“सिस्टममधून झालं.”

“सिस्टम कोण चालवतं?”

“मी.”

काका समोरची खुर्ची ओढून म्हणाले, “चला, फिरसे भरू.” आम्ही पुन्हा भरलं. ‘स्वभाव’ या रकान्यात त्यांनी सांगितलं, “लिहा, शांत.” ‘नोकरी’मध्ये सांगितलं, “आहे, पण सासरच्यांनी म्हटलं तर सोडेल.”

मंगळवारी त्या बाईंचा फोन आला. मी डिलीट केलं. रविवारी काका आले. मी भरलं. हे काही आठवडे चाललं. नोंद भरणं आणि काढणं दोन्ही बिनचूक चालत होतं. ऑफिसात अशा चाचणीसाठी वेगळा माणूस असतो.

मग एका रविवारी काकांच्या आधी त्या बाईच आल्या. तिशीच्या होत्या. सांवेर रोडवर औषधांच्या कारखान्यात क्वालिटी विभागात काम करायच्या. खुर्चीवर न बसताच बोलायला लागल्या.

“परवा एक गृहस्थ आमच्या कारखान्याच्या गेटवर आले. सिक्युरिटीला म्हणाले, मुलगी बघायला आलोय, मुलाचा मामा आहे. गार्डनं आत फोन लावला आणि स्पीकरवर विचारलं. पूर्ण शिफ्टनं ऐकलं. कारखान्याचं नाव तुमच्या साइटवर आहे.”

काकू पलीकडे बसल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला. “असं कोणी जातं का थेट?”

“गेले ना. आणि परत जाताना गार्डला सांगून गेले, उंची लिहिलीय त्यापेक्षा कमी वाटते.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “आमच्याकडे एका गोळीचं वजन बदलायचं तरी ज्यानं बदललं त्याची सही लागते. तुमच्याकडे माझं वजन कोण लिहून गेलं?”

मी तो फॉर्म नीट चालतो का, हे सगळ्या ब्राउझरवर तपासलं होतं. ज्याची माहिती आहे त्याला ती भरलेली माहीत आहे का, असा प्रश्न मला पडलाच नव्हता. गोदामात तो पडत नाही.

“मला लग्न करायचं नाही असं नाही,” त्या दरवाज्यापाशी जाऊन म्हणाल्या. “पण माझी नोंद मी करीन. आणि वडिलांना सांगू नका मी आले होते. त्यांना वाईट वाटेल.”

त्या आठवड्यात मी एक रकाना वाढवला, ‘उमेदवाराचा स्वतःचा मोबाइल नंबर’. नोंद कोणीही भरावी, पण त्या नंबरवर ओटीपी जाईल आणि तो आल्याशिवाय ती कुणाला दिसणार नाही. बदल करायचा असेल किंवा काढून टाकायचं असेल, तरी तेच. काकूंनी विचारलं, “आणि आधीच्या नोंदींचं?” मी म्हटलं, त्यांनाही मेसेज पाठवू. काकूंनी आणि मंडळाच्या दोन बायकांनी घरोघर फोन करून सगळ्या मुला-मुलींचे नंबर गोळा केले. शनिवारी दुपारी मी मेसेज सोडले. ‘आपली नोंद आमच्या केंद्रात आहे. मान्य असल्यास खालील लिंकवर जाऊन कळवावे.’

पाच मिनिटांत केंद्राचा फोन वाजायला लागला. पुण्याहून, बंगळुरूहून, एक तर दुबईहून. बहुतेकांचा प्रश्न एकच होता: कोणती नोंद? एक मुलगा म्हणाला, माझं लग्न होऊन वर्ष झालं. मागून त्याची बायको विचारत होती, कोणाचा फोन आहे. एका मुलीनं नुसतं “अच्छा” म्हटलं आणि फोन ठेवला. तिच्या घरी पुढे काय झालं असेल याचा मी नंतर बराच विचार केला.

या गडबडीत माझा स्वतःचा फोन वाजला. मेसेज होता. ‘आपली नोंद आमच्या केंद्रात आहे.’

मी मागच्या दारातून काकूंच्या स्वयंपाकघरात गेलो. त्या शेव डब्यात भरत होत्या.

“काकू, माझी नोंद आहे?”

“आहे ना. तुझ्या आईनं फोनवर माहिती सांगितली, मी भरली. छान चालतो रे तुझा फॉर्म, कुठं अडत नाही.”

मी नोंद उघडून पाहिली. उंची दोन इंच वाढवलेली होती. वर्ण गोरा. स्वभावात आईनं ‘अबोल, पण मनाने चांगला’ असं सांगितलं होतं. त्यातलं ‘पण’ मला लागलं. आपल्याबद्दल दुसऱ्यानं भरलेलं वाचताना कसं वाटतं ते मला तेव्हा कळलं. तोपर्यंत मी त्या बाईंची बाजू फक्त डोक्यानं घेतली होती. मी नोंद मान्यही केली नाही आणि अमान्यही नाही. मेसेज तसाच ठेवला.

रविवारी मंडळाचे अध्यक्ष आले. केंद्रात दिसणाऱ्या नोंदी निम्म्याहून कमी झाल्या होत्या आणि पालक त्यांना घरी येऊन बोलत होते.

“पालकांवर अविश्वास दाखवताय का आपण?” त्यांनी विचारलं. “हे ओटीपी वगैरे बँकेत ठीक आहे. इथे घरगुती मामला आहे. काढा ते.”

मी काकूंकडे पाहिलं. ही खोली त्यांची होती आणि खोके गेल्यावर त्यांना तसंही थोडं परकं वाटत होतं. त्यांनी ‘काढ’ म्हटलं असतं तर मी दहा मिनिटांत तो रकाना काढला असता.

“राहू द्या,” काकू म्हणाल्या. “शाळेत मी जन्मभर पालकांच्या सह्या घेतल्या, कारण पोरं लहान होती. ही लहान नाहीत.”

“नोंदी कमी होतील.”

“होऊ देत. आहेत त्या तरी खऱ्या असतील.”

अध्यक्ष म्हणाले की विषय पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ. मीटिंगमध्ये स्नेहसंमेलनाच्या जेवणावर वाद झाला आणि हा विषय राहिला.

मोटार रिवाइंडिंगवाले काका दुपारी आले. मुलीच्या नोंदीसमोर ‘प्रतीक्षेत’ असं लिहिलेलं त्यांनी पाहिलं, तेव्हा मी त्यांना ओटीपीचं समजावून सांगितलं.

“मतलब मी बाप आहे, तरी मला परमिशन लागेल?”

“त्यांनी ओटीपी दिला की लगेच दिसेल, काका.”

“तिची आई असती तर ही वेळच आली नसती,” ते म्हणाले आणि उठून गेले. चहा आला होता तो तसाच राहिला. मला दिवसभर बरं वाटलं नाही. काकूंनाही वाटलं नसावं, कारण त्यांनी संध्याकाळी मला जेवायला बोलावलं.

त्यानंतर काका बरेच रविवार आले नाहीत. आले ते थेट दिवाळीनंतर, आणि मुलीबरोबर. दोघं शेजारी बसले. मी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. मुलीच्या फोनवर ओटीपी आला, तिनं तो भरला, आणि त्या दोघांनी एकेक रकाना वाचायला घेतला.

“उंची पाच-चार कशाला? पाच-दोन,” मुलगी म्हणाली.

“सँडल घालून पाच-चारच होते.”

“सँडल काढून लिहा.”

‘स्वभाव: शांत’ तिनं खोडला आणि त्या जागी काही लिहिलंच नाही. ‘सासरच्यांनी म्हटलं तर सोडेल’ यावर दोघं बराच वेळ हळू आवाजात भांडले. काका म्हणत होते, आधी स्थळं येऊ दे, मग बघू. ती म्हणत होती, मग जी येतील ती चुकीची येतील. शेवटी तिनं ‘नोकरी सोडणार नाही’ असं टाइप केलं आणि हात बाजूला घेऊन वडिलांकडे पाहिलं. काकांनी स्वतः माउस धरून ‘जतन करा’ दाबलं.

मुलगी काकूंशी बोलायला पलीकडे गेली तेव्हा त्यांनी मला विचारलं, “आता हे मला बदलता येणार नाही?”

“नाही, काका.”

“आणि दिसेल?”

“दिसेल. केव्हाही उघडून बघा.”

“बस, दिसलं तरी पुरे,” ते म्हणाले.

खरं तर तशी सोय मी केलेली नव्हती. त्याच रात्री केली. पालकांना वेगळं लॉगिन, ज्यात सगळं वाचता येतं आणि कशालाच हात लावता येत नाही. काका ते रोज वापरत असावेत. मला लॉगिनच्या वेळा दिसायच्या, बहुतेक दुकान उघडायच्या सुमाराला असायच्या.

त्या बाईंचं लग्न आमच्या केंद्रातून झालं नाही. दोन-तीन जणांना त्या भेटल्या, स्वतः ठरवून, कॉफीच्या दुकानात, आणि प्रत्येक वेळी वडिलांना घरी येऊन सगळं सांगितलं. पुढे त्यांना कंपनीनं गुजरातच्या कारखान्यात बढतीवर पाठवलं. जाण्याआधी त्यांनी स्वतःच नोंद काढून टाकली. या वेळी फोन केला नाही, कारण आता गरज नव्हती.

मला वाटलं काका आता येणार नाहीत. पण ते रविवारी येतात. दुकान बंद असतं आणि घरी करमत नाही, असं त्यांनी काकूंना सांगितलं. पहिल्यांदा येणाऱ्या पालकांना ते फॉर्म भरायला मदत करतात. परवा एक गृहस्थ मुलीच्या नंबरच्या जागी स्वतःचा नंबर भरत होते. काकांनी त्यांचा हात धरला.

“इथं तिचा टाका, भिया. तुमचा खाली.”

“माझाच चालेल. ती कामात असते.”

“तर मग ती मोकळी होईपर्यंत बसू,” काका म्हणाले आणि त्यांच्यासाठी चहा सांगितला.