फळ्यावरचं उत्तर

खून, दरोडे, दंगली, सगळं नोकरीत पाहून झालं, आणि निवृत्तीनंतर त्यातलं बरंचसं पुसटही झालं. पुसट होत नाही ते एक साधं प्रकरण. त्यात रक्त नव्हतं, पाठलाग नव्हता, वर्तमानपत्रात चार ओळींपेक्षा जास्त काही आलं नाही. पण ते आठवलं की हातातला चहा गार होतो.

मी तेव्हा मुलुंडच्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळी आल्यावर ठाणे दैनंदिनी बघायची, मग ठाण्याच्या मेलपेटीत काय आलंय ते बघायचं, हा माझा क्रम. निनावी तक्रारींवर माझा विश्वास बेताचाच होता. बहुतेक तक्रारी पार्किंगच्या, गळक्या छताच्या आणि जुन्या वैराच्या. नाव लिहायची हिंमत नाही आणि शेजाऱ्याला तुरुंगात बघायची हौस मात्र दांडगी, अशा लोकांनी माझ्या बऱ्याच सकाळी खाल्ल्या होत्या.

ही मेल तशी नव्हती. मोजकं लिहिलं होतं. अमुक इमारत, तिसरा मजला. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या एक बाई. काळजी घ्यायला म्हणून भाचा बायकोसह त्यांच्याकडे राहायला आला. इमारतीच्या पुनर्विकासाचं ठरल्यापासून बाईंना घराबाहेर कुणी पाहिलेलं नाही. त्यांना गोळ्या देऊन झोपवून ठेवतात आणि घर भाच्याच्या नावावर करून घ्यायचं चाललंय.

मी बीटवरच्या दोघांना पाठवलं. दुपारी ते परत आले. बाई पलंगावर होत्या, काही बोलल्या नाहीत. भाच्यानं विस्मरणाच्या आजाराचा डॉक्टरचा कागद दाखवला. माणूस सभ्य, घर स्वच्छ. 'सर, तिथं काही नाही,' असं सांगून त्यांनी तशी नोंद केली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मेल. 'तुमचे लोक आले, चहा पिऊन गेले. गुंगीतला माणूस बोलत नसतो. तुमच्या चौकीच्या फळ्यावर रोज लिहिलेलं असतं, एकट्या ज्येष्ठांची विचारपूस करा. विचारपूस म्हणतात ती हीच का?'

मला झोंबलं. चहा प्यायल्याचं माझ्या लोकांनी मला सांगितलं नव्हतं. म्हणजे लिहिणाऱ्याला घरातलं दिसत होतं. मी ताबडतोब उलट मेल केली, आपण कोण, भेटू शकाल का, नाव गुप्त ठेवू. ती मेल जशीच्या तशी परत आली.

सायबर कक्षातल्या तरुण अधिकारी बाईंना विचारलं. त्यांनी मला समजेल असं सांगितलं. परदेशात अशा काही सेवा आहेत. त्यांच्या पानावर जाऊन मजकूर लिहायचा, कुणाला पाठवायचा तो पत्ता द्यायचा, बस्स. ते लोक तुमचं पाकीट फाडून टाकतात, आतली चिठ्ठी आपल्या पाकिटात घालतात आणि आपल्या गावाहून टपालात टाकतात. कुणी दिली याची नोंदच ठेवत नाहीत. पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये मेल गेल्याची खूणही राहत नाही. रीतसर विचारणा करता येईल, पण उत्तर यायला महिने जातील आणि त्या उत्तरात बहुधा काही नसेल.

"पण मग त्याला उत्तर कसं पाठवायचं?" मी विचारलं.

"नाही पाठवता येत, सर. एकाच बाजूनं बोलणं आहे ते."

मला ते फार चमत्कारिक वाटलं. एखाद्याला मदतीसाठी हाक मारायची आहे, आणि 'ओ' आलेली ऐकायची सोयच नाही. अशी हाक कोण मारत असेल?

संध्याकाळी त्या इमारतीजवळच्या चौकीवर गेलो तेव्हा आमचे हवालदार फळा पुसत होते. मालवणकडचे, अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे फळा त्यांच्याकडे. सोनसाखळी चोरांपासून सावध राहा, ओटीपी कुणाला देऊ नका, असं ते रोज बदलून लिहायचे. त्यांच्या हातातला खडू बघून माझ्या डोक्यात आलं, मेल पाठवणारा हा फळा वाचतो. त्यानं स्वतःच तसं लिहिलंय.

मी त्यांना मजकूर सांगितला. 'ज्येष्ठांना कोणती गोळी, किती वेळा दिली जाते, याकडे लक्ष ठेवावे. शंका असल्यास पोलीस ठाण्यास कळवावे.'

हवालदारांनी माझ्याकडे बघितलं. "साहेब, ह्यां पण आता आपणच सांगूचां?"

"लिहा तुम्ही."

येणाऱ्याजाणाऱ्याला ती नेहमीची सूचना. एकाच माणसासाठी तो प्रश्न होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी मेलपेटी किती वेळा उघडली याचा हिशेब नाही. शेवटी उत्तर आलं. गोळीचं नाव होतं, सकाळी एक आणि रात्री दोन, असं प्रमाण होतं. खाली लिहिलं होतं, 'येत्या आठवड्यात दुय्यम निबंधकांकडे बक्षीसपत्रावर सहीला नेणार. मग कर्जतकडे एका आश्रमात. तिथून त्या परत येणार नाहीत.'

सरकारी डॉक्टरांना नाव दाखवलं. झोपेची गोळी. या वयाला एवढं प्रमाण म्हणजे माणूस दिवसभर धुक्यात, असं ते म्हणाले. पण ऐकीव माहितीवर दार ढकलून उपयोग नव्हता. बाई शुद्धीत असतानाच भेटायला हव्या होत्या, नाहीतर पुन्हा तोच कागद आणि तोच चहा.

मग फळ्यावर दुसरी सूचना लागली. 'ज्येष्ठ नागरिक भेट उपक्रम. बुधवारी सकाळी अकरा वाजता पोलीस घरोघरी येतील. ज्येष्ठांनी जागे व ताजेतवाने राहावे.' हवालदारांनी या वेळी काही विचारलं नाही. 'ताजेतवाने' शब्दाखाली त्यांनी आपणहून एक रेघ ओढली. यावर मेल आली नाही.

बुधवारी मी, महिला उपनिरीक्षक, डॉक्टर आणि दोन पंच असे तिसऱ्या मजल्यावर गेलो. भाच्यानंच दार उघडलं. हसतमुख, गोड बोलणारा. त्याच्या मागे त्याची बायको उभी होती, पदराला हात पुसत. आणि गॅलरीच्या दाराशी खुर्चीत त्याच्या आत्याबाई बसल्या होत्या. केस विंचरलेले, चष्मा लावलेला, डोळे उघडे आणि आमच्याकडे.

भाच्याचा चेहरा बदलला. तो बायकोकडे वळून म्हणाला, "सकाळची गोळी दिली नाहीस?"

आमच्यासमोर, पंचांसमोर. त्याच्या तोंडून निघून गेलं.

"दिली की," ती खाली बघून म्हणाली.

डॉक्टर आत्याबाईंजवळ बसले. वार विचारला, पत्ता विचारला, जुन्या नोकरीबद्दल विचारलं. जीभ थोडी जड होती, पण प्रत्येक उत्तर बरोबर. मग त्या माझ्याकडे बघून सावकाश म्हणाल्या, "मला कुठंही सही करायची नाहीये. मला या गॅलरीत बसायचंय. एवढं लिहून घ्या."

ते आम्ही लिहून घेतलं. गोळ्यांच्या पट्ट्या आणि बक्षीसपत्राचा मसुदा पंचनाम्यात घेतला, गुन्हा नोंदवला, भाच्याला ठाण्यात आणलं.

चौकशीत तो सगळ्या गोष्टींना उत्तर देत होता, फक्त मध्येच थांबून एकच विचारायचा. "खबर कुणी दिली, तेवढं सांगा." समोरच्या घरातला वकील की खालच्या मजल्यावरचे? दूधवाला की सेक्रेटरी? निर्दोष माणूस 'माझ्यावर आरोप काय' असं विचारतो. गुन्हा केलेला माणूस 'कुणी सांगितलं' असं विचारतो. त्याचे डोळे बघून मला कळलं, सापडला तर तो त्या माणसाला सोडणार नाही. मी त्याला पहिली मेल छापून दाखवली. पाठवणाऱ्याच्या जागी निरर्थक अक्षरं. "आम्हालाही माहीत नाही," मी म्हणालो, आणि कागदोपत्री ते खरंच होतं.

मनातून मात्र मला त्या सकाळीच कळलं होतं. गोळी देणारा हात एकच होता. आणि त्या दिवशी गोळी दिली गेली नव्हती.

भाच्याच्या बायकोचा जबाब आम्ही वेगळा घेतला, मी आणि महिला उपनिरीक्षक. साधी, पस्तिशीची बाई. गोळ्या नवऱ्याच्या सांगण्यावरून दिल्या, रात्री तो समोर उभा राहायचा, असं तिनं सांगितलं. आत्याबाईंनी आपल्या जबाबात आधीच म्हटलं होतं की भाचेसुनेनं मला भात भरवला, तिच्याविरुद्ध माझं काही नाही. त्यामुळे तिला आरोपी करायची वेळ आली नाही.

तिचा फोन नवरा रोज संध्याकाळी मागून घेऊन बघायचा, हे तिनं जाता जाता सांगितलं. मी सहज विचारलं, आधी नोकरी होती का? होती. मरोळला एका कंपनीत, ग्राहकांच्या तक्रारींच्या मेलना उत्तरं द्यायचं काम. आत्यांना बघायला म्हणून नवऱ्यानं सोडायला लावली.

"निनावी मेल यायच्या का तिथं?"

"यायच्या. उत्तर द्यायला पत्ताच नसायचा. आम्ही सगळ्या चिडायचो, यार हे कसले लोक, असं म्हणायचो." मग टेबलाकडे बघत म्हणाली, "साहेब, त्यांना उत्तर नको असतं असं नाही. उत्तर घरात येऊन चालत नाही."

मी पेन बंद केलं. महिला उपनिरीक्षकांनी खिडकीबाहेर बघितलं. ही वाक्यं जबाबात कुठंही नाहीत.

तिनं वेगळं व्हावं म्हणून आम्ही समजावलं. घरगुती हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्यांचा पत्ता दिला. आईवडील नाहीत, भाऊ म्हणतो जमवून घे. आत्याबाई तर तिला म्हणाल्या, तू माझ्याकडेच राहा. त्यावर तिनं जे सांगितलं ते आत्याबाईंनी नंतर मला ऐकवलं. "मी इथं राहिले तर ह्यांना कळेल, खबर देणारी मीच."

भाचा जामिनावर सुटला आणि बोरिवलीला भाड्याच्या घरात गेला. ती त्याच्याबरोबर गेली. आपण ज्याला वाचवतो त्याच्या घरात राहायची सोय असते. जो वाचवतो त्याला कुठं जायचं, याचं कलम कुठल्याच कायद्यात मला सापडलं नाही.

आत्याबाई छान सुधारल्या. बीटचे लोक जाता येता वर बघायचे तर त्या गॅलरीत बसलेल्या असायच्या, कधी कधी हात करायच्या. आरोपपत्र गेलं. माझी निवृत्ती जवळ आली. आणि एका सकाळी ठाण्याच्या पेटीत पुन्हा ती निरर्थक अक्षरं दिसली.

'आत्या कशा आहेत? इथंही एक चौकी आहे. फळाही आहे. पण त्यावर कधी काही लिहिलेलं नसतं.'

मी ती मेल कितीदा तरी वाचली. आत्याबाई ठीक आहेत, हे सांगायला एक ओळ पुरली असती, आणि ती ओळ मला पाठवता येत नव्हती. पत्ता जामिनाच्या कागदांवर होता. पण तिच्या दारात पोलीस जाणं म्हणजे तिनं इतक्या कष्टानं लपवलेलं उघडं करणं. मी बोरिवलीला माझ्याच तुकडीतल्या एका मित्राला फोन केला, तुझ्या अमुक चौकीच्या फळ्यावर एक सूचना लिहून घे. मजकूर ऐकून तो हसला. "काय रे, निवृत्त होताना आरोग्य खात्यात चाललास का?" पण त्यानं लिहून घेतलं.

'ज्येष्ठांनी सकाळी गॅलरीत कोवळ्या उन्हात बसावे. प्रकृती उत्तम राहते.'

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझा निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, भाषणं. ठाण्याची मेलपेटी ठाण्याचीच. ती खुर्चीबरोबर पुढच्या अधिकाऱ्याकडे गेली. मी घाटकोपरच्या घरी आलो. पत्नी आधीच गेलेली, मुलगी बंगळुरूला. मला येणाऱ्या मेल म्हणजे बँकेच्या जाहिराती.

पुढं काही महिन्यांनी कोर्टात साक्षीला गेलो तेव्हा माझ्या जागी आलेले अधिकारी भेटले. मी आडून विचारलं, त्या प्रकरणात नंतर काही आलं का? ते आठवत म्हणाले, "नाही सर. हां, एक कसलीतरी मेल होती. पाठवणारा नाही, विषय नाही. 'बरं वाटलं' असे दोनच शब्द. चुकून आली असेल म्हणून काढून टाकली."

मी बरं म्हटलं. त्यांचं चुकलं नव्हतं, त्यांना कसं कळणार.

या प्रकरणानं काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर सांगतो, निनावी माणसावर चिडू नका. नाव लपवणारा दर वेळी भित्रा नसतो. त्याच्या घरात त्याला नाव उरलेलं नसतं, एवढंच कधी कधी असतं. आजही सकाळी फिरताना आमच्या इथल्या चौकीवरून जातो. फळा कोरा दिसला तर आत जातो, ड्यूटीवरच्या पोरांना म्हणतो, काहीतरी लिहा रे. ते म्हणतात, काय लिहायचं काका? मी म्हणतो, काहीही लिहा. कुणीतरी वाचत असतं.