सावधान स्क्रिप्टमध्ये नव्हतं

“मंगलाष्टकं नाहीत, तर मग अक्षता टाकायच्या कधी?”

मालूताईंनी मला फैलावर घेतलं. मालूताई म्हणजे नवऱ्या मुलीची, ईशाची, आत्या. ईशाची आई ती लहान असतानाच गेली. तिला वाढवलं ते ह्या आत्यानं. लग्नासाठी त्या नागपूरहून कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोला आल्या होत्या आणि आल्या दिवसापासून माझ्यावर खवळलेल्या होत्या.

मी जन्मभर सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेतला. रिटायर झाल्यावर चुका काढायला घरात एकटा नवरा उरला. तोच म्हणाला, “बाई गं, काहीतरी कोर्स कर.” म्हणून मी सेलेब्रंटचा कोर्स घेतला. सेलेब्रंट म्हणजे देवाधर्माला मध्ये न आणता लग्न, बारसं, अगदी शेवटचा निरोपसुद्धा रीतसर पार पाडणारी व्यक्ती. गुरुजीच म्हणा, पण मंत्राविना. सर्टिफिकेट फक्त प्रॅक्टिकलसाठी अडलं होतं. माझी मेंटॉर लिंडा हिच्यासमोर एक खरा समारंभ करून दाखवायचा होता. तो म्हणजे ईशाचं लग्न.

ईशाला आणि तिच्या डॅनियलला, दोघांनाही लग्नात देव नको होता. पण ईशाला आत्याच्या हातच्या अक्षता हव्याच होत्या. “मावशी, तिनं टाकल्या नाहीत ना, तर मला लग्न झाल्यासारखंच वाटणार नाही,” ती म्हणाली. डोळे भरून आले होते तिचे.

इकडे मालूताई हटून बसलेल्या. “वासंती, तू लग्न लावून राहिली की मीटिंग घेऊन राहिली?”

“अहो, सुंदर भाषण लिहिलंय मी!”

“भाषणावर कोणी अक्षता टाकते का? बरं, मंगलाष्टकं नको म्हणू. शेवटचं सावधान तेवढं म्हण. त्याच्यात कुठे देव आहे?”

मुद्दा बिनतोड होता. मी लिंडाला फोन करून विचारलं, शेवटी ‘सावधान’ म्हटलं तर चालेल का?

“वॉट डझ इट मीन?”

“बी केअरफुल.”

“यू से दॅट टु द कपल?” ती खो खो हसली. मग एकदम गंभीर झाली. “इज इट फ्रॉम द रिलिजस सेरेमनी?”

टेस्टरला मेलं खोटं बोलता येत नाही. म्हटलं, “येस.”

“देन नो.”

पुढचे तीन आठवडे त्या एका शब्दावरून आमचं रोज वाजत होतं. शेवटी मालूताईंनी जाहीर केलं, “शब्द नाही, तर माझी मूठही उघडणार नाही.”

डॅनियलच्या आईवडिलांच्या बॅकयार्डात लग्न होतं. पाहुण्यांच्या हातात फुलांच्या पाकळ्या दिल्या होत्या. मालूताईंनी पाकळ्या परत केल्या. त्यांनी नागपूरहून रुमालात बांधून आणलेल्या अक्षता उजव्या मुठीत आवळल्या आणि पैठणी सावरून पहिल्या रांगेत बसल्या. लिंडा त्यांच्या शेजारीच. मी बोलत होते आणि ईशाचं लक्ष सारखं त्या मुठीकडे.

कॅलिफोर्नियात लग्नाला ना मंत्र लागत, ना फेरे. पण दोघांनी साक्षीदारासमोर आपापल्या तोंडानं एकमेकांचा स्वीकार केल्याचं सांगावं लागतं. ते नाही झालं तर बाकी सगळं नाटक. तोच प्रश्न विचारायला मी तोंड उघडलं, आणि गवतातून फुस्स असा आवाज आला.

मालूताईंच्या पायाशी हिरवळीला पाणी मारणाऱ्या स्प्रिंकलरचं काळं तोंड वर आलं होतं. त्याचा टायमर बंद करायचं कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. तीन आठवडे एकाच शब्दावर भांडल्यावर माझ्या तोंडून दुसरं काय निघणार?

“सावधान!” मी ओरडले.

झालं! आमच्या बाजूच्या झाडून सगळ्या माणसांनी एकदम पाकळ्या उधळल्या. कुणा काकांनी तयारच ठेवलेली सनई फोनवर लावली. “लागलं, लागलं!” करत मंडळी जेवणाच्या टेबलांकडे सुटली. मग पाणी आलं. डॅनियलचे वडील जागेवर बसून भिजत टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, हीच आमची पद्धत.

“अहो थांबा! लग्न अजून लागलेलं नाही!” मी जीव तोडून ओरडले.

“नाही कसं? अक्षता पडल्या नं!” हे मालूताई म्हणाल्या. म्हणाल्या आणि स्वतःच दचकल्या. त्यांची मूठ उघडी होती. तांदूळ ईशाच्या केसांत.

“मी नाही टाकल्या,” त्या पुटपुटल्या. “हात आपोआपच गेला माझा.” आणि रडायलाच लागल्या. ईशा ओल्या साडीनिशी त्यांच्या गळ्यात पडली. मलाही रडू आवरेना, पण माझं काम राहिलं होतं.

जमतील तेवढ्यांना घरालगतच्या कोरड्या पॅटिओवर ओढून आणलं आणि दोघांना रीतसर विचारलं. डॅनियल “आय डू” म्हणाला. ईशा तर इतक्या जोरात म्हणाली की टेबलांजवळचे लोकही वळून बघायला लागले.

लिंडा बूट काढून त्यातलं पाणी ओतत होती. “दॅट वर्ड, वासंती...”

“सेफ्टी अनाउन्समेंट,” मी म्हटलं.

तिनं एकदा बुटाकडे बघितलं, एकदा मालूताईंकडे. “फेअर इनफ,” म्हणाली. मी पास झाले.

आता कुठलंही लग्न घेताना मी यजमानांना दोनच गोष्टी आधी विचारते. स्प्रिंकलरचा टायमर कुठे आहे, आणि मुलीला आत्या आहे का. आत्या असेल, तर टायमर चालूच राहू द्या म्हणते.