पाच पायऱ्यांची घोडी

रविवारी पाली गावात पौर्णिमाच्या घरावरून जाणाऱ्या नव्या माणसाला वाटायचं, आत सुतार लावलाय. सुतार कसला! बाई स्वतःच पदर खोचून, नाकाला नवऱ्याचा रुमाल बांधून, फळीवर गुडघा रोवून करवत ओढत बसलेली असायची. सोमवार ते शनिवार बीडच्या पोस्टात काउंटरवर, आणि रविवारी हे. कुणाला मालिकांचा नाद असतो, कुणाला भिशीचा. हिला लाकडाचा. मोबाईलवर बघून बघून शिकली. आधी पाट केला, तो डुगडुगला. मग चपलांची मांडणी झाली, मग टीव्हीखालचं टेबल. टेबलाचे चारी पाय जमिनीला टेकले त्या दिवशी तिनं नवऱ्याला न मागता दोनदा चहा दिला. नवरा बाळू एसटीत कंडक्टर. घरात काय चाललंय ते त्याला दोन दिवसांनी कळायचं, आणि कळलं तरी 'बरं हाय' यापुढं त्याची गाडी जायची नाही.

सासूचं तसं नव्हतं. वच्छलाबाई शहात्तर वर्षांची, अंगानं वाळकी, जिभेनं कडक. सुनेच्या हातात पटाशी दिसली की म्हातारीचा पट्टा सुरू. नोकरीवाली सून म्हणून करून आणली आन् ही सुतारीन निघाली, असं ती सहा वर्षं आल्यागेल्याला ऐकवत होती. टेबलावरून हात मात्र फिरवून बघायची, सून घरात नसताना.

आणि ह्याच सासूसाठी पौर्णिमानं घोडी करायला घेतली. घोडी म्हणजे पायऱ्यांची, लाकडाची, उंचावर चढायला लागते ती.

त्याचं कारण सांगायला हवं. पालीच्या विहारासमोर उंच चौथऱ्यावर बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे, आणि चौदा एप्रिलला पहिला हार वच्छलाबाईचा, असा गावाचा रिवाज. छप्पन साली सात वर्षांची असताना ती बापाच्या खांद्यावर बसून नागपूरला दीक्षेला गेली होती. तिथं जाऊन आलेलं गावात आता दुसरं कुणी उरलेलं नाही. वर्षानुवर्षं ती टेबलावर चढून हार घालायची. गेल्या जयंतीला गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा दोन तरण्या गड्यांनी काखेत हात घालून तिला वर उचललं. हार पडला गळ्यात, पण म्हातारीचा पदर सुटला, पाय लोंबकळले, आणि मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. घरी येऊन ती भिंतीकडं तोंड करून बसली. संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा घेतलं नाही. शेवटी एवढंच बोलली, "पोत्यावानी उचललं मला. आता कुणाला हात लावू देणार न्हाई. सोताच्या पायानं चढता आलं तर चढंन, न्हाईतर घरी बसंन."

पौर्णिमाच्या मनाला ते फार लागलं. तिनं ठरवलं, रुंद रुंद पाच पायऱ्या करायच्या, दोन्ही बाजूंना धरायला कठडा, म्हणजे बाई आपल्या पायानं चढेल आणि आपल्या पायानं उतरेल.

दिवाळीनंतर चुलतसासऱ्याच्या शेतातली एक बाभूळ वाऱ्यानं आडवी झाली. ती पौर्णिमानं मागून घेतली आणि बीडच्या मिलवर चिरून आणली. गावचा सुतार बद्रीनाथ, साठी उलटलेला माणूस, फळ्या बघायला न बोलावताच आला. बोटानं टकटक करून म्हणाला, बाभळीला आधी पाण्यात टाकावं लागतं. धरणाच्या पाण्यात वर दगड ठेवून पाच-सहा महिने बुडवून ठेव, लाकडातला गोडवा निघून जाऊ दे, मग पोखरणारा भुंगा शिवत नाही. त्याच्या बापानं बैलगाडीची चाकं अशीच केली होती. पौर्णिमाला हसूच आलं. वाळवायचं लाकूड पाण्यात घालायचं? तिनं तर वीसेक व्हिडिओ पाहिले होते. त्यातला परदेशी माणूस फळ्यांच्या मध्ये पट्ट्या ठेवून, सावलीत, वाऱ्याला वाळवायचा. तिनंही तसंच केलं. त्या माणसाच्या गावात बाभूळ उगवत नाही, एवढं मात्र बाईच्या ध्यानात आलं नाही. आणि खरं सांगायचं तर सहा महिने थांबायची तिची तयारीही नव्हती. एप्रिल कुणासाठी थांबतो!

मार्च संपता संपता घोडी उभी राहिली. निळ्या ऑइलपेंटचे दोन हात दिले. विहार कमिटीचे अध्यक्ष माणिकराव ती टेम्पोत घालून घेऊन गेले आणि गावभर सांगत सुटले. जयंतीच्या दोन दिवस आधी विहाराची झाडलोट चालली होती. भिंतीपलीकडं बायका बोलत होत्या, अलीकडं पौर्णिमा झाडू मारत होती. तिच्या कानावर सासूचा आवाज आला, "माझ्या सुनंनं केली. तिच्यासारखं सुतारालाबी जमणार न्हाई." पंधरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. झाडू हातात तसाच राहिला आणि बाई तिथंच डोळे पुसत उभी राहिली.

जयंतीच्या दिवशी पांढरी साडी नेसून वच्छलाबाई आठलाच विहारात गेली. बाळूची ड्युटी होती. पौर्णिमा मागून ताट घेऊन जायची होती. फळीवरचं पितळी ताट काढायला तिनं स्टूल ओढलं. त्याच बाभळीच्या उरलेल्या तुकड्यांचं ते छोटं स्टूल. ओढलं तर जागेवर पिवळसर पिठाचा लहानसा ढीग. आधी वाटलं, कणीक सांडली. चिमटीत घेतलं, तर मैद्याहून मऊ. स्टूल उलटं केलं. एका पायाला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं. तिनं स्क्रूड्रायव्हर आणून नुसता टेकवला, जरासा जोर दिला, आणि तो मुठीपर्यंत आत गेला.

पाय वरून धडधाकट, आत नुसतं पीठ. आणि घोडीचे मागचे दोन्ही पाय ह्याच फळीतून काढलेले. सालीलगतची पांढरट बाजू रंध्याला मऊ लागली म्हणून तिनं ती मुद्दाम निवडली होती. वरचा पेंट दिसायला छान, पण त्यानं भोकं झाकली होती, एवढंच. सगळा भार मागच्या पायांवर येतो, आणि तो येतो चौथ्या पायरीपासून, म्हणजे म्हातारी कमरेएवढ्या उंचीवर असताना. खाली फरशी. शहात्तर वर्षांचं हाड.

घड्याळात पावणेनऊ. हार नवाला.

ती स्टुलाचा पाय काढून घेऊन पळत बद्रीनाथच्या घरी गेली. बद्रीनाथ टोपी घालून कार्यक्रमालाच निघाला होता. त्यानं अंगठ्याचं नख लाकडात रुतवलं, पीठ बघितलं. मी सांगितलं होतं, असं काही तो म्हणाला नाही. तो म्हणाला असता तर बरं झालं असतं, असं पौर्णिमाला वाटलं. खालून टेकू देता येईल का, लोखंडी पट्टी मारता येईल का, असं तिनं घाईघाईनं विचारलं. त्यानं मान हलवली. पट्टी मारायला आत लाकूड तर पाहिजे.

"मंग मी सांगते स्क्रू ढिले झाले म्हणून," पौर्णिमा म्हणाली. "आज टेबलावर भागवू. चार महिन्यांत मी नवी करून ठेवते, कुणाला कळायचं न्हाई."

बद्रीनाथ तिच्या मागं चालू लागला.

विहारासमोर तीनशे माणूस उभं होतं आणि वंदना सुरू झाली होती. मधे बोलायची सोय नाही. पौर्णिमा मागं हात जोडून उभी राहिली. कमरेला खोचलेला स्क्रूड्रायव्हर बरगडीला टोचत होता. पुढं, निळ्या घोडीशेजारी, वच्छलाबाई ताठ उभी. रोज म्हटलेलं पंचशील, पण आज चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, पौर्णिमाची जीभ अडखळली. आपल्यालाच आपली लाज वाटली. तरी मनात हिशेब चालूच होता: दोन शब्द बोलायचे, सुटायचं. भिंतीपलीकडून ऐकलेलं ते वाक्य तिला सोडवत नव्हतं. आज खरं बोललो की ते वाक्य परत कधी मिळायचं नाही.

वंदना संपली. माणिकरावांनी माईकवरून वच्छलाबाईंचं नाव पुकारलं. पौर्णिमा गर्दीतून वाट काढत पुढं गेली आणि हळू आवाजात माणिकरावांना म्हणाली, की घोडीचे स्क्रू ढिले झालेत, आज राहू द्या.

माणिकराव उत्साही माणूस. त्यांनी ते सरळ माईकवर घेतलं. स्क्रू ढिले झालेत, एवढंच ना, बद्रीनाथ इथंच आहेत, पाच मिनिटं कळ काढा. झालं! लोकांनी बद्रीनाथला वाट करून दिली. तिनं जी पळवाट शोधली होती तिनंच तिला घोडीपाशी आणून उभं केलं. बद्रीनाथ खाली वाकला, तिच्या कमरेचा स्क्रूड्रायव्हर मागून घेतला, आणि घट्टच असलेल्या स्क्रूंवर एकेक वेळ फिरवला. मग बसल्या जागेवरून वर बघत, फक्त तिला ऐकू जाईल असं बोलला, "आवळले. आता काय सांगू ह्यांना, तूच बोल."

वच्छलाबाईनं कठडा धरला होता. एक पाय पहिल्या पायरीवर होता.

"आत्याबाई, चढू नका," पौर्णिमा म्हणाली. आवाज फुटला, पण मागपर्यंत गेला. "स्क्रूचं खोटं सांगितलं मी. लाकूड आतून पोखरलंय. बद्रीनाथकाकांनी सांगितलं होतं, मी ऐकलं न्हाई. माझी चूक हाय."

गर्दीत कुजबुज उठली. माणिकरावांनी घोडी हलवून बघितली, हलली नाही. कुणी म्हणालं, दोघांनी धरू. वच्छलाबाईच्या तोंडावर मात्र भलतंच दिसत होतं. तिला वाटलं, सून तिच्या वयाला भ्याली. आदल्या दिवशी कुणी नसताना ती तीन पायऱ्या चढून उतरून बघून गेली होती. "काय होत न्हाई," असं म्हणून तिनं दुसरा पाय टाकला. मग तिसरी पायरी. हार हातात, मान वर, नजर पुतळ्याकडं. चौथ्या पायरीवर पाय पडला आणि मागून बारीक, कोरडा आवाज आला. बाकी कुणी ऐकला की नाही कोण जाणे, पौर्णिमानं ऐकला.

तिनं धाव घेतली, सासूच्या कमरेला दोन्ही हातांची मिठी घातली आणि तिला तशीच उचलून खाली आणली. पाय लोंबकळले. पदर सुटला. सगळ्या गावादेखत, जे व्हायला नको म्हणून ही घोडी केली, तेच तिनं आपल्या हातानं केलं.

"सोड," वच्छलाबाई म्हणाली. सुनेचा हात तिनं झटकून टाकला.

पौर्णिमा घोडीच्या मागं गेली आणि टाचेनं एक लाथ घातली. मागचा पाय मोडला, घोडी कलंडली, आणि मोडल्या जागेतून पिवळं पीठ भसाभसा फरशीवर सांडलं. लोक पिठाकडं बघत होते, मग म्हातारीकडं, मग पुन्हा पिठाकडं. पौर्णिमाला रडू आवरेना. दोन महिन्यांचे रविवार, आणि ते एक वाक्य, सगळं त्या ढिगाऱ्यात गेलं होतं.

माणिकरावांनी माईक खाली ठेवला. दोन गडी पुढं आले, आजी, आम्ही धरतो म्हणाले. वच्छलाबाईनं त्यांच्याकडं नुसतं बघितलं, ते मागं सरले. तिनं सावकाश पदर डोक्यावर घेतला, वाकून पिठावर बोट टेकवलं, बोट अंगठ्यावर घासून बघितलं. मग म्हणाली, "टेबल आणा. वर खुर्ची ठेवा."

टेबल आलं, वर प्लास्टिकची खुर्ची आली. लोकांना वाटलं, म्हातारी हट्टाला पेटली. पण तिनं हातातला हार पौर्णिमाच्या हातात दिला.

"चढ."

पौर्णिमा मागं सरकली. माझा मान नाही, तुमचा आहे, असं काहीबाही बोलायला लागली. वच्छलाबाईनं तिला पुरं बोलू दिलं नाही. "माझ्या गुडघ्यांचं व्हायचं ते झालं. पुढच्या साली तरी कोण चढवणार हाय मला? चढ म्हणते ना."

पौर्णिमा टेबलावर चढली, मग खुर्चीवर. खुर्ची लचकली. पुतळ्याचा खांदा हाताशी होता, पण हात उचलेना. तिनं खाली बघितलं. वच्छलाबाई टेबलाला छाती टेकवून उभी होती. वाळक्या हातांनी खुर्चीचे दोन पाय तिनं असे आवळले होते, की बोटांची पेरं पांढरी पडली होती. माणिकराव धरायला आले, तर तिनं कोपरानं त्यांना बाजूला केलं.

"माझ्याकडं काय बघतीस," ती म्हणाली. "हार घाल. मी धरलंय."

पौर्णिमानं हार घातला.