नाणी चाळणारी बाई

“हात लावू नको!”

हे ती मला सांगायची. माझ्याच दुकानात, माझ्याच गल्ल्यातल्या नाण्यांबद्दल. बोटांच्या घामाने नाण्यावरचा छाप खराब होतो म्हणे. मग काउंटरवर वर्तमानपत्र पसरून ती गल्ला त्यावर उपडा करायची. एकेक नाणं कडेने धरायची आणि भिंगाखाली घ्यायची. तोवर गिऱ्हाइकाने आणि मी गप्प उभं राहायचं.

मुलुंड पूर्वेला माझं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. ही बाई मागच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. विमा कचेरीतून रिटायर झालेली, मूळची देवगडकडची. नाक्यावर तिला तोंडावर सगळे ‘बाई’ म्हणत आणि तिची पाठ वळली की आणखी बरंच काही म्हणत. तुमच्याही नाक्यावर असं एखादं माणूस असेलच. लांबून येताना दिसलं की आपण उगाच फोन कानाला लावतो, तसलं.

टाकसाळीत चुकलेली नाणी शोधायची, हा तिचा छंद. कुठे छाप एका बाजूला सरकलेला असतो, कुठे सालाचा आकडा दुहेरी उठलेला. नाणं फिरवल्यावर मागचे सिंह सरळ उभे दिसायला हवेत. ते तिरके दिसले की बाईचा चेहरा उजळायचा. बँकेतून ती नाण्यांची सीलबंद पिशवी आणायची, घरी चाळायची आणि उरलेली नाणी आम्हा दुकानदारांना नोटांच्या बदल्यात द्यायची. सुट्टे पैसे आम्हाला हवेच असायचे, म्हणून तिला सहन करायचो.

बँकेतला कॅशियर तिला बघताच “नाणी संपली” म्हणायचा. त्यावर ही भर रांगेत विचारायची, “मग ती मागची पिशवी कोणाच्या तेराव्याला ठेवलीयस?”

मी एकदा विचारलं, “बाई, हे सगळं कशाला?”

“एवढी मोठी मशीनं, एवढे मोठे साहेब. तरी चुकतात. पकडलं की बरं वाटतं.”

तेवढ्याने भागलं असतं तर ठीक होतं. पण चुका पकडायची तिची हौस नाण्यांपाशी थांबायची नाही. माझ्या पाटीवरचं शुद्धलेखन, माझ्या बायकोने नेसलेल्या साडीचा रंग, गिऱ्हाइकाच्या लेकाचे मार्क. मला ती कधी आवडली नाही. आज ती नाही म्हणून आवडायला लागली, असंही नाही.

माझ्या शेजारी विलासचं शिलाईचं दुकान. पँट आखूड करणं, चेन बसवणं, ब्लाउज उसवून सैल करणं, असली कामं. एक दिवस तो पाच रुपयांचं जुनं नाणं घेऊन नाचत आला. मोबाइलवर त्याने व्हिडिओ पाहिला होता, की हे नाणं लाखांना जातं. त्यातल्या नंबरवर त्याने फोन केला होता. समोरचा माणूस नाणं घ्यायला तयार होता, फक्त आधी नोंदणीची फी पाठवायची होती. विलासची मुलगी बारावी झालेली, तिला नर्सिंगला घालायचं होतं. मुलीला त्याने सांगूनही टाकलं होतं.

बाई तेव्हा माझ्या काउंटरवर होती. विलासने नाणं तिच्यापुढे धरलं. तिने भिंगही उचललं नाही.

“पाच रुपये.”

“अहो, नीट बघा तरी.”

“बघितलं. पाच. आणि खुळो गावलो तर सहा.” चिडली की ती मालवणीत जायची.

विलासचा चेहरा पडला, मग लाल झाला. “तुम्हाला स्वस्तात हवंय ना? म्हणून बोलताय.”

तेवढ्यात त्याच माणसाचा फोन आला. विलास काही बोलायच्या आत बाईने मोबाइल हिसकावला. पुढे ती जे बोलली ते इथे लिहिता येणार नाही. फोनवाल्याची आई, त्याचा बाप, त्याची नोंदणी, सगळ्यांचा उद्धार झाला. शेवटी म्हणाली, “परत फोन केलास तर मुलुंडास ये, तुझीच फी घेतंय.” आणि तिने तो नंबर ब्लॉक करून टाकला.

विलास आधी थिजला. मग त्याने काउंटरवरची तिची पिशवी हाताने उडवली. नाणी फुटपाथवर, गटाराच्या जाळीवर, रिक्षाच्या चाकाखाली गेली. “माझ्या पोरीच्या नशिबावर पाय दिलात तुम्ही!” तो ओरडत होता. आम्ही दोघे-तिघे वेचायला वाकलो, तर बाई आमच्यावरच खेकसली, “राहू द्या! कोणी नको!” एकटीच रस्त्यावर उकिडवी बसून ती वेचत राहिली. अख्खा नाका विलासच्या बाजूने होता. मीसुद्धा.

पंधरवडा झाला नसेल, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला रडत आला. त्याच फोनवाल्याला त्याने आधी फी, मग टॅक्स, मग आणखी कसले तरी पैसे पाठवले होते. गावी पाठवायची सगळी शिल्लक गेली. विलासने ते ऐकलं आणि मशीनवर मान खाली घालून टिपा मारत राहिला. बाईला तो ना सॉरी म्हणाला, ना थँक्यू. तीही त्याच्या दुकानासमोरून जाताना थुंकायची, अगदी नेम धरून. वर्षभर हे चाललं.

मग बाईचे डोळे गेले. पूर्ण नाही. कडेचं दिसायचं, मधलं नाही. डॉक्टर म्हणाले, पडदा खराब झालाय, आता सुधारणार नाही. भिंग कुचकामी झालं. काही महिने ती खाली उतरलीच नाही. मला वाटलं, सुटलो.

एका दुपारी काठी टेकत ती आली आणि माझं दुकान ओलांडून थेट विलासच्या दुकानात शिरली. पिशवी त्याच्या कापडांवर आपटली.

“सुईत दोरा घालतोस ना? म्हणजे डोळे धड आहेत. बघ.”

मी कान टवकारले. आता हा तिला हाकलणार.

“बसा,” विलास म्हणाला. “पण तोंड बंद ठेवायचं.”

“तुझं तोंड मला दिसत नाही. नुसते कान दिसतात. तेवढंच सुख.”

तेव्हापासून दर शनिवारी हा तमाशा. तो नाणं उचलून वर्णन करायचा. ही म्हणायची, आंधळा आहेस, परत बघ. तो म्हणायचा, तुम्ही मरा एकदाच्या. ती म्हणायची, पिशवी संपू दे. शेजारी बसून मला हिशेब करणं अशक्य व्हायचं. चहा मात्र विलास दोन मागवायचा आणि तिचा कप तिच्या हाताला लागेल असा उजवीकडे ठेवायचा. चहा पाणचट आहे, हे ती प्रत्येक वेळी सांगायची.

मागच्या थंडीत एका मंगळवारी विलास माझ्याकडे धावत आला. हातात रुमाल, रुमालात एक रुपयाचं नाणं. गिऱ्हाइकाने दिलेलं. एका बाजूला नेहमीचे सिंह. दुसऱ्या बाजूलाही सिंहच, पण उलटे आणि आत दबलेले, साच्यात उमटल्यासारखे.

“लाखी म्हणतात याला,” तो म्हणाला. “आधीचं नाणं मशीनमध्ये अडकून राहिलं की पुढच्यावर त्याचाच ठसा उठतो. बाईंना जन्मात मिळालं नाही. शनिवारी येऊ दे. आधी काही सांगणार नाही. तिच्या हातात ठेवतो, बोटाने ओळखू दे. मग बघतो काय बोलते!”

चार दिवस तो शीळ घालत होता.

शनिवारी बाई आली नाही. शुक्रवारी पहाटेच झोपेत गेली होती. शनिवारी विरारचा भाचा आला तेव्हा सोसायटीला कळलं. विलास दुकान अर्धं उघडं टाकून स्मशानात गेला. परतला तो रागाने फणफणत.

“मुद्दाम गेली,” तो म्हणाला. “मला मिळालं ते कबूल करावं लागलं असतं ना! म्हणून गेली.”

मी म्हटलं, “अरे, तिला माहीत तरी होतं का?”

“तुला नाही कळायचं. पक्की होती ती.”

त्याने मशीन सुरू केलं. पायाखालचं पायडल जोरजोरात हलत होतं. सुईखाली कापड नव्हतं.