रेडिओवर गायचं आणि घसा बसलेला

उद्या रेडिओसाठी गायचं, आणि आदल्या संध्याकाळी माझा घसा असा बसला की मीठ मागितलं तरी सासूबाईंना ऐकू जाईना. चुलीपाशी बसून मी रडत होते, तेही आवाजाविना. देव आहे का, असलाच तर त्याचं जालन्याकडं लक्ष आहे का, ही शंका मला त्या दिवशी पहिल्यांदा आली.

आज आपली ख्रिस्ती वाहिनी घरोघर टीव्हीवर दिवसभर चालू असते. तिचा इतिहास सांगणारे स्टुडिओपासून सुरुवात करतात. पण वाहिनीच्या कितीतरी आधी ती चालवणाऱ्या मंडळींनीच रेडिओवर रविवारचा मराठी कार्यक्रम सुरू केला होता, आणि गाणी टिपायचं यंत्र घेऊन ती गावोगाव फिरायची. निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा ती आमच्या मिशन कंपाउंडात आली. पाळकसाहेबांनी गायला चौघी निवडल्या. त्यात मी, लग्नाला वर्षही न झालेली आणि स्वतःला कोकिळा समजणारी.

मला मात्र गायचं होतं दादासाठी. माझा थोरला भाऊ वर्षभर दूरच्या क्षयाच्या इस्पितळात होता. शेवटच्या पत्रात त्यानं लिहिलं होतं, "माझ्यासाठी प्रार्थना करू नका. अन्नाकडं बघवत नाही. आता पत्रही लिहिणार नाही." त्याच्या वॉर्डात रेडिओ होता. माझा आवाज कानी पडला की दादा उठून बसेल, हे मी ठरवूनच टाकलं. प्रभूला फक्त कळवलं.

आणि माझी अक्कल बघा. गाणं एवढ्या लांब जायचं, तर गायलाही तेवढ्याच मोठ्यानं पाहिजे! तीन दिवस विहिरीपाशी उभी राहून मी ओरडत होते. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मंग रेडिओ कशाला? दादाला हितूनच बराबर ऐकू जाऊन राह्यलं असंल!" शेजारच्या शांतामावशींनी तर म्हैस हरवली का म्हणून विचारलं. पण मी ऐकते कशाला!

दुसऱ्या दिवशी लग्नातली साडी नेसून कंपाउंडातल्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये गेले; गाणी तिथंच टिपायची होती. रेडिओवर साडी दिसत नाही हे माहीत होतं. पण खात्री नव्हती. यंत्रापाशी दक्षिणेकडचे एक अनोळखी गृहस्थ बसले होते. माझी अवस्था बघून पाळकसाहेब हळूच म्हणाले, "मुली, तू आज राहू दे." मी काही बोलायला गेले, तर तोंडातून नुसती हवा निघाली. मनात म्हटलं, प्रभू, माझ्यानं काही होत न्हाई. आता तू बघ. त्या आठवड्यातली माझी ती पहिली खरी प्रार्थना.

तेवढ्यात ते गृहस्थ उठले, माईक माझ्या तोंडाजवळ सरकवला आणि म्हणाले, "बहनजी, ये मशीन बहरी नहीं है. धीरे गाओ, जैसे घर में कोई बीमार सोया हो."

दादाचं त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. मी नंतर सगळ्यांना विचारून पाहिलं.

बाकीच्या तिघींबरोबर मी गायले. कुजबुजीपेक्षा जरा वर, अगदी खरखरीत.

दीड महिन्यानं दादाचं पत्र आलं. "चिमे, तिघी देवदूतासारख्या गात होत्या आणि चौथी गोणपाट फाडल्यासारखी. लहानपणी डांग्या खोकल्यात तू अशीच गायचीस. तिथल्या तिथं ओळखलं. इतका हसलो की नर्सबाई धावत आल्या. सगळ्या वॉर्डाला सांगितलं, ही माझी बहीण! मग भाकरी मागून खाल्ली." सासूबाईंनी ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. गोणपाटापाशी दर वेळी जास्तच हसल्या.

पुढच्या ईस्टरला दादा स्वतःच्या पायांनी घरी आला.

आवाज गोड राहिला असता, तर चौघींच्या गोडव्यात मी त्याला सापडलेच नसते. म्हणून मी आजही आभार मानते ते आधी बसलेल्या घशाबद्दल, मग दादाबद्दल. काय हवं ते प्रभूला अजूनही सांगते. ते कसं द्यायचं, हे शिकवणं मात्र सोडलं. म्हणजे, बहुतेक सोडलं.